बाटलीतली काकडी

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खुर्च्यांवर होते, खुर्च्यांच्या मधे होते, खिडक्यांच्या कठड्यांवर होते. खालच्या दुकानात न मावलेलं एक कपाट वर आणून ठेवलं होतं, तर एक गृहस्थ त्या कपाटाच्या डोक्यावर मांडी घालून बसले होते. सगळ्यांचे डोळे लागले होते समोरच्या टेबलाकडे. टेबलावर काचेच्या बाटल्यांची रांग. प्रत्येकीचं तोंड जेमतेम अंगठा जाईल एवढं, आणि पोटात मनगटाएवढी जाड, हिरवीगार, अख्खी काकडी.

"आत कशी गेली?" बाटलीबाबांनी विचारलं.

"आत कशी गेली!" हॉल पुटपुटला.

"काच फुटली?"

"नाही!"

"काकडी चिरली?"

"नाही!"

"मग?"

त्या 'मग'च्या पुढे कुणालाच काही सुचेना, आणि बाबांचं सगळं दुकान त्या 'मग'वरच चालायचं.

"काच म्हणजे काय, बाळांनो? गोठलेला अहंकार! आणि काकडी? काकडीला 'मी' नसतो. ज्याला 'मी' नाही त्याला भिंत नाही. मी फक्त म्हटलं, ये बाई, आत ये. ती आली. जशी काकडी काच न फोडता आत गेली, तसं तुमचं दुखणं कातडी न कापता बाहेर येईल. बाटल्या लावा!"

सगळ्यांनी आपापल्या रिकाम्या बाटल्या दुखऱ्या जागी लावल्या. कुणी गुडघ्याला, कुणी कमरेला. एका वकीलसाहेबांनी बाटली टकलावर उपडी धरली होती. त्यांचं दुखत काही नव्हतं, त्यांना केस बाहेर यायला हवे होते. एका बाईंनी नवऱ्याच्या नाकाला बाटली लावली होती. "यांचं घोरणं उतरू दे," असं त्या डोळे मिटून म्हणत होत्या आणि नवरा गुदमरत होता.

मागच्या रांगेत दोघी जावा बसल्या होत्या. धाकटी शाळेत गणित शिकवायची. ती आली होती निव्वळ सोबत म्हणून. थोरलीने बाटली पोटाला उजवीकडे, बरगडीखाली लावली होती. तिथे तिच्या पित्ताशयात खडे होते. मागच्या वेळी कळ आली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या फरशीवर अंगाचं मुटकुळं करून, पदर दातांत धरून पडली होती. डॉक्टर म्हणाले होते, "शस्त्रक्रिया करून टाकू. अडकून पू झाला तर जिवावर बेतेल." पण थोरलीला इंजेक्शनची सुई पाहिली तरी घाम फुटायचा. ती कापून घ्यायला तयार होईना.

घरी येताना जिन्यात धाकटीने विचारलं, "ताई, सगळ्या काकड्यांचे देठ बाटलीच्या तोंडाकडेच कसे गं? मंत्राने जायच्या तर एखादी तरी उलटी गेली असती."

"मंत्र आहे तो, घाईची बस नव्हे, कुणीही कसंही चढायला."

"अगं, वेलावर कोवळी असताना बाटलीत घातली असणार. आतच मोठी झाली."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मी पाहिली. आत आहे ती." थोरली दम खायला थांबली. मग म्हणाली, "करून दाखव. दाखवलंस तर मुकाट्याने तुझ्या डॉक्टरकडे येते."

हे घरी कळलं तेव्हा हशा पिकला. धाकटीच्या हातून प्लास्टिकची फुलंसुद्धा सुकतात, असं तिचे दीर सगळ्या पाहुण्यांना सांगायचे. तरी तिने फुटक्या बादलीत माती भरली, बाल्कनीत ऊन येतं त्या कोपऱ्यात ठेवली आणि बिया टोचल्या.

पहिल्या बिया कुजल्या. घरात माणसं प्रेमळ. जो तो येता-जाता तांब्याभर पाणी ओतायचा. दुसऱ्या खेपेला तिने बादलीवर कागद चिकटवला, 'मला तहान लागली की मी सांगेन.' मग वेल वर आला, दोऱ्या धरून चढला, पिवळ्या फुलांनी भरला, आणि सगळी फुलं गळून पडली. धाकटीने पुस्तक उघडलं. नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे करंगळीच्या नखाएवढी काकडी आधीच बसलेली असते. पण एवढ्या उंचावर मधमाशी फिरकत नव्हती. तेव्हा तिने रंगाचा ब्रश घेतला आणि सकाळी सकाळी या फुलातला पराग त्या फुलाला लावत बसली.

"म्हणजे आता या घरात फुलांची लग्नंही लावायची?" दीर म्हणाले.

"लावते. तुम्ही आहेर तरी द्या."

काकडी धरली. बोटाएवढी झाल्यावर धाकटीने देठ न तोडता ती बाटलीत सरकवली आणि बाटली सुतळीने बांधली. दुपारच्या उन्हात काच तापून काकडी आतच शिजली. पुढच्या बाटलीवर तिने जुन्या परकराची सावली केली. ती काकडी मात्र अशी वाढली, की बाटलीच्या काचेवर तिचे गाल दाबले गेले.

आणि इथेच घोटाळा झाला. टकलावर बाटली धरणारे ते वकीलसाहेब शेजारीच राहायचे. त्यांनी पलीकडच्या बाल्कनीतून ती पाहिली. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "बाई! तुम्हालाही सिद्धी?"

दुसऱ्या दिवशी जिन्यात रांग. प्रत्येकाच्या हातात बाटली.

"अहो, वेल आहे हा! देठ बघा, अजून वेलाला आहे!" धाकटी ओरडली.

"केवढा विनय!" वकीलसाहेब रांगेला म्हणाले. "बाबा निदान कबूल तरी करतात."

धाकटीने दार लावून घेतलं आणि वळली, तर मागे थोरली उभी. डोळे भरलेले. "धाकटे, तुझ्यात काहीतरी आहे गं. माझ्या पोटावर जरा हात ठेव."

धाकटीने हात ठेवला, पण तो कपाळावर. कारण थोरली तापली होती. संध्याकाळी कळ आली. औषधाने थांबली, पण तोवर घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले होते. डॉक्टर म्हणाले, "फार लांबवू नका."

थोरलीला जरा बरं वाटल्यावर धाकटी तिच्या उशाशी बसली. "ताई, वेलाला अजून एक धरली आहे. ती बाटली तू बांध. सगळं तू कर. मी हात लावणार नाही."

"मला काय सिद्धी आहे?"

"म्हणूनच."

थोरलीने बाटली बांधली, तीही चिडून. धाकटी शाळेत गेली की ती वेलाशी भांडायची. मेल्या, पानं कशाला एवढी? सटवे, वाढतेस की नाही? भांडता भांडता तिच्या शिव्यांना ठेका यायचा, कारण तिची आई जे काही बोलायची ते गाऊनच बोलायची:

काकडी गं काकडी, किती तुझा तोरा,
तुझ्यापायी गार झाला चहा माझा कोरा!

काकडीने शिव्या खाल्ल्या आणि बाटली भरून टाकली.

एका सकाळी धाकटी बाल्कनीत आली तेव्हा थोरली बादलीपाशी बसली होती. बोट काचेवरून फिरवत होती.

"मी तर हिला शिव्या घालत होते गं," ती हळूच म्हणाली. "मंत्र कसला?"

त्याच दिवशी देठ कापून, बाटली घेऊन ती हॉलमध्ये गेली. धाकटी मागोमाग. थोरली सरळ पुढे जाऊन टेबलावर आपली बाटली ठेवून उभी राहिली. हॉलभर माना उंचावल्या. बाबा मात्र कसलेले. "बघा! माझी शिष्या!"

"बरं, शिष्या तर शिष्या," थोरली म्हणाली. "महाराज, आता ही बाहेर काढून द्या."

"काय?"

"काच न फोडता. तुम्ही म्हणाला होतात ना, ये बाई, आत ये? आता म्हणा, ये बाई, बाहेर ये."

बाबांनी डोळे मिटले. हॉलनेही मिटले. थोड्या वेळाने सगळ्यांनी उघडले. काकडी आतच.

"एकदा आत गेलेला जीव," बाबा म्हणाले, "समाधीत असतो. त्याला उठवणं पाप."

"मग माझे खडेही समाधीतच असतील की!"

कपाटावरच्या गृहस्थांना हसू फुटलं. कपाट करकरलं, आणि मग सगळा हॉल हसायला लागला.

"हसू नका, ऐका," थोरली म्हणाली. "ही कोवळी होती, बोटाएवढी. देठ वेलालाच ठेवून मी तिला बाटलीत सरकवली. वर सावली केली. ती आत वाढली. भरली की देठ कापायचा, झालं. बादलीभर माती लागते नि थोडा धीर. आत घालणं मलाही येतं, महाराज. मला बाहेर काढणारा हवाय. माझं पोट दुखतंय हो."

एकेक बाटली खाली आली. घोरणाऱ्या नवऱ्याने मोकळा श्वास घेतला. सगळ्यांत शेवटी वकीलसाहेबांनी बाटली काढली. टकलावर लाल गोल उमटला होता. त्यांनी बाबांकडे पाहिलं, पण बाबा चिंतनासाठी मागच्या जिन्याने उतरले होते.

दवाखान्यात थोरलीने डॉक्टरांना आधी बसवून घेतलं. "कसं काढणार? सगळं सांगायचं. गाळायचं नाही."

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं, पित्ताशय काढलं, छोटी छिद्रं कुठे पाडणार ते दाखवलं. काय बिघडू शकतं, तेही सांगितलं. थोरली प्रश्न विचारत गेली, ते उत्तरं देत गेले. शेवटी ती म्हणाली, "भीती वाटतेच आहे. पण कळलं." आणि धाकटीचा हात घट्ट धरून ती आत गेली. खडे बाहेर आले. थोरलीही बाहेर आली, शुद्धीवर येताच चहा मागत.

भिण्यात लाज नाही. दुखणाऱ्या माणसाने कुठेही आशा शोधावी, त्याला हसू नये. पण ज्याच्या हाती आपण जीव देतो, त्याला एवढं तरी विचारावं, की बाबा रे, हे कसं करतोस? जो बसून सांगतो, त्याचं ऐकावं. जो डोळे मिटतो, त्याच्याकडून उठून यावं. आणि विश्वास बसत नसेल तर बाल्कनीत एक बी लावून बघावं. वेलाला मंत्र कळत नाही, शिव्याही कळत नाहीत. त्याला ऊन लागतं, पाणी लागतं, आणि रोज सकाळी उठून नीट बघणारं कुणीतरी लागतं.