भिंतीवरचे किडे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भर दुपारी पडदे ओढून अंधार केला होता आणि पांढऱ्या भिंतीवर, हिरव्या उजेडाच्या भल्यामोठ्या वर्तुळात, काळे किडे वळवळत होते. ते एका शिंप्याच्या पोटातले आहेत, असं किरणमहाराज सांगत होते. त्यांचा किरण म्हणे थेट सूर्याच्या गाभ्यातून उतरलेला. त्याला बॅटरी मात्र बाजारातली लागायची.

मागे उभ्या असलेल्या चष्मेवालीला एरवी हसू आवरलं नसतं. पण तिचा दादा पहिल्या रांगेत बसला होता. तो छापखान्यात पुस्तकं बांधायचा. त्याला क्षय झाला होता आणि दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकलाही कमी झाला होता. अशात महाराज भेटले आणि पहिल्याच बैठकीला त्यांनी गोळ्या बंद करायला लावल्या. त्याला सहा आठवडे झाले. वहिनीनं रडत फोन केला, तेव्हा कुठे बहिणीला कळलं.

आज दादाची सातवी, शेवटची बैठक होती. त्यानं चूळ भरून वाटीत टाकली. महाराजांनी त्यातलं पाणी सिरिंजमध्ये ओढलं, एक थेंब टोकाला लोंबता ठेवला आणि त्यावर किरण सोडला. भिंतीवर एकही किडा दिसेना.

"शरीर धुऊन निघालं," महाराज म्हणाले. "आता गोळ्यांचं विष कशाला?"

लोकांनी हात जोडले. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानंही हात जोडले.

लोंबता थेंब भिंगाचं काम करतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. चष्म्यांच्या दुकानात तिचा जन्म भिंगं घासण्यात गेला होता. असला हिरवा लेसर तिच्याकडेही होता, निव्वळ हौसेचा. गच्चीवरून तारे दाखवायचे, पाण्याच्या धारेत उजेड वळवायचा, कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्याचे जीव भिंतीवर नाचवायचे, असले तिचे रिकाम्या वेळचे उद्योग. त्यामुळे किडे कसे दिसतात हे कोडं नव्हतंच. ते जातात कुठे? ती रांगेकडे बघत राहिली. नवे लोक माठातल्या पाण्यानं चूळ भरत होते. सातव्या बैठकीवाल्यांना मात्र स्टीलच्या तांब्यातलं पाणी मिळत होतं.

ती पुढे गेली आणि म्हणाली, "महाराज, चूळ राहू दे. माठातला थेंब तसाच लावा."

श्रद्धेवाचून किरण चालत नाही, असं महाराजांनी ऐकवलं. तेव्हा तिनं, वहिनीकडून प्रकार ऐकून बरोबर आणलेला स्वतःचा लेसर आणि नवी सिरिंज पर्समधून काढली. माठातल्या थेंबातून भिंतभर किडे वळवळले. तांब्यातल्या थेंबातून नुसता हिरवा उजेड पडला. दोन्ही पाण्यांना कुणाचं तोंड लागलं नव्हतं.

"हे कुणाच्या पोटातले?" तिनं विचारलं.

माठातल्या पाण्यानंच चूळ भरलेला शिंपी तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाला. महाराजांना एकाएकी दुसरीकडची बैठक आठवली. तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. दादा तिच्याजवळ आला होता.

"मग माझे जंतू?" त्यानं हळूच विचारलं.

"ते फार बारीक असतात, दादा. या उजेडात दिसतच नाहीत. जिथे होते, तिथेच आहेत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दादाची थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. जुन्या गोळ्या आता लागू पडतील की नाही, हे अहवाल आल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाले. वहिनीलाही तपासून घ्यायला सांगितलं. तसा दादा खाली बघत म्हणाला, "बरा झालो म्हणून मी तोंडाला रुमालसुद्धा लावत नव्हतो." वहिनी तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वाचकहो, लेसर खरा होता, थेंब खरा होता, किडेसुद्धा खरे होते. म्हणून डोळ्यांनी पाहिलं एवढ्यावर थांबू नका. थेंब कुठून आणला ते विचारा, तोच प्रयोग दुसऱ्या पाण्यावर करायला लावा. आणि कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांकडे जा. दादा तिथे सहा आठवडे उशिरा पोचला.