काळी वाळू

धाकटी आत आली, चपला काढल्या न काढल्या तोच तिने नाकाला ओढणी लावली.

"ताई, कसला वास येतोय गं?"

सहा महिन्यांनी आली होती. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. आधी वास! माझं डोकंच फिरलं.

"मला नाही येत," मी म्हटलं.

ती सरळ आईच्या पलंगाशी गेली आणि पांघरूण उचलून बघायला लागली. ती काय शोधतेय हे न कळायला मी काही दूधखुळी नाही.

आईला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, डोळे तेवढे राहिले. मी दिवसातून दोनदा अंग पुसते, कपडे बदलते, भरवते, दर दोन तासांनी कूस बदलते. म्हणजे बदलायची. हल्ली कधी तीन होतात, कधी बसल्या जागी माझाच डोळा लागतो. धाकटीचं पहिल्यापासून एकच पालुपद, आईला माझ्याकडे पाठव. माझंही एकच उत्तर, माझे हातपाय चालतायत तोवर आई इथून हलणार नाही. त्यामुळे वास येतोय म्हणजे तुला झेपत नाही, हे तिला तोंडाने बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"सकाळीच पुसलंय तिला. चादर आजची आहे. अजून काय बघायचंय? दात मोजतेस का तिचे?"

"चिडू नकोस. मी फक्त विचारलं."

"विचारायला तीन तास प्रवास करून आलीस?"

आई आमच्याकडे बघत नव्हती. ती पलंगासमोरच्या काचेच्या टाकीकडे बघत होती. दिवसभर तेच बघते. ही खाऱ्या पाण्याची टाकी तिने पंधरा वर्षं एकटीने सांभाळली, कुणाला बोट लावू दिलं नाही. आता टाकीत एकच मासा उरलाय, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. त्याचं नाव साहेब, कारण खाणं द्यायला उशीर झाला की तो काचेशी येऊन डोळे वटारतो. डावा हात उचलून आई कधी काही दाखवते, तर ते त्यालाच.

धाकटी वास घेत घेत खोलीभर फिरली आणि टाकीपाशी थांबली. झाकण उचललं आणि तोंड फिरवलं.

"इथून येतोय! ताई, ही वाळू बघ. खालून काळी पडलीय."

काचेतून दिसत होतं खरं. वर चार बोटं पांढरी वाळू, खाली डांबरासारखा काळा थर. मला आधी हायसंच वाटलं. आईचा नाही, टाकीचा वास! मी जिंकले होते. पण धाकटीने तेवढ्यात एक सुस्कारा सोडला आणि त्या सुस्काऱ्याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आत्ता साफ करून टाकते," म्हणून मी बाही वर केली, कालथा घेतला आणि थेट तळापर्यंत खुपसला.

तळातून बुडबुड्यांची रांग उठली. पाणी शाईसारखं झालं. सडक्या अंड्यांचा असा भपका आला की या वेळी मलाही कळला. साहेब तीरासारखा वर आला आणि पाण्याबाहेर तोंड काढून आ वासायला लागला. पलंगावरून आईच्या घशातून एक आवाज निघाला. दोन वर्षांत तसा आवाज मी ऐकला नव्हता.

फोन धाकटीने लावला, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला. आईचा जुना ओळखीचा माणूस.

"वाळूत हात घातला?" तो ओरडला. "काढा आधी! खिडक्या उघडा. त्या काळ्या थरात विषारी वायू साठतो, तो पाण्यात सुटलाय. पाण्यातला प्राणवायूही तोच खातो. माशाला बाहेर काढा, नाहीतर पाच मिनिटांत संपेल."

आई मिठाचं पाणी नेहमी पिंपात तयार ठेवायची. पिंप रिकामं होतं. मी वर्षभर भरलंच नव्हतं. बादलीत मीठ ढवळलं, कोमट पाणी घातलं, आईचं मोजायचं यंत्र सापडेना तेव्हा दुकानदाराने किलोला किती लिटर ते सांगितलं. जाळीने साहेबाला उचललं तेव्हा तो ओल्या चिंधीसारखा पडला होता. हवेचा जादा पंप कपाटातून काढून लावेपर्यंत धाकटी मगाने बादलीतलं पाणी उंचावरून बादलीतच ओतत राहिली, हवा मिसळावी म्हणून. तिचे हात भरून आले. थांबली नाही पण.

"वाळू किती जाड आहे?" दुकानदाराने विचारलं.

"वीतभर."

"वीतभर? तुमच्या आई दोन बोटं ठेवायच्या!"

मळकी दिसली की मी वरून नवी पांढरी ओतायचे. उपसायला वेळ कुणाला होता? शिवाय आईची झोपमोड नको म्हणून दुपारी टाकीचा पंपही बंद ठेवायचे. हे सगळं मी त्याला सांगितलं, कारण लपवायचं त्राण नव्हतं.

"पण वास तर महिनाभर येत असणार," तो म्हणाला.

"मला नाही आला."

"रोज त्यातच राहणाऱ्याला येत नाही, ताई. नाकाला सवय होते."

दोन तासांनी साहेबाचे कल्ले संथ झाले. बादली आम्ही पलंगाशी स्टुलावर ठेवली, आईची मान उशीने उचलून दिली. तिने आत बघितलं आणि डोळे मिटले. धाकटी खाली फरशीवर बसली, भिजलेली, केस विस्कटलेले.

"माझं चुकलं, ताई," ती म्हणाली. "मला वाटलं आईचाच वास. आल्या आल्या तुझ्यावर घसरले. आता मी तो विषय काढणार नाही."

झालं. दोन वर्षांचं भांडण मी जिंकले होते. गप्प बसले असते तर ती संध्याकाळच्या गाडीने गेली असती.

"गॅलरीत जा," मी म्हटलं. "दहा मिनिटं मोकळ्या हवेत उभी राहा. मग आत ये आणि आईचा वास घे."

"अगं, कशाला आता?"

"माझ्या नाकाचा मला भरवसा राहिला नाही म्हणून. जा."

ती आली. आम्ही दोघींनी मिळून आईला कुशीवर वळवलं. धाकटीने मानेपासून पाठीवरून नाक नेलं, लहान मुलाला हुंगतात तसं. उजव्या कमरेखाली थांबली. मी कपडा बाजूला केला. बटणाएवढी जखम होती, कडेने काळपट. ती बाजू आईला जाणवत नाही, ती सांगणार कशी? आणि मी रोज दोनदा तिथूनच हात फिरवत होते.

मला रडू आलं नाही. बसावंसं वाटलं, म्हणून बसले.

"डॉक्टरांना बोलावू," धाकटी म्हणाली.

"बोलाव. आणि नंतर तिला ने तुझ्याकडे."

दोन वर्षं हेच मागत होती ती, पण आता तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मला जमेल का गं?"

"नाही जमणार," मी म्हटलं. "मलाही जमलं नाही. पण तुला अजून वास येतो."