कौलाच्या रंगाची कूपे

पेट्रोल पंपावर मला पाहून हळहळणारे पुष्कळ भेटतात. "काय देखणी गाडी होती, आणि काय करून ठेवलंय हिचं!" असं माझ्या तोंडावर म्हणतात. गाडीला कान नसतात असा त्यांचा समज. मला कान आहेत, आणि आज तोंडही उघडते. मी एक स्पोर्ट्स कूपे आहे. दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला चिकटून बसणारी. माझं काय करून ठेवलंय, ते मीच सांगते.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका कारखान्यातला. माझ्या आसनांचं कातडं हातानं शिवलेलं होतं. रंग चंदेरी, कारण त्या वर्षी पैसेवाल्यांना चंदेरीशिवाय दुसरा रंग सुचत नव्हता. माझ्या बहिणींचे गिअर आपोआप बदलत. माझे मात्र हातानं बदलायचे, त्यामुळे माझा तोरा जरा जास्तच होता.

पहिला मालक ड्युसेलडॉर्फचा वकील. तो दर रविवारी मला पुसायचा, गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि आभाळ भरून आलं की घाईघाईनं परत आणायचा. माझा वेग त्यानं कधी पाहिलाच नाही. पाहुणे आले की गॅरेजचा दिवा लावून मला दाखवायचा. मीही मिरवून घेत असे. दुसरं काही आयुष्य असतं हे मला कुठे ठाऊक होतं!

मग एके दिवशी गुडघ्यावर डांबराचे डाग असलेली पँट घालून एक बाई आली. ही रोस्विटा. हेर्ने गावची. वडिलांमागे छपरं शाकारण्याचा धंदा तिनं वाढवला होता, आणि स्वतः छपरावर चढून कौलं बसवायची.

वकिलानं तिच्या मागे पाहिलं. "गाडी घेणारे साहेब कुठे आहेत?"

"साहेब घरीच राहिले," रोस्विटा म्हणाली. "भांडी घासतायत. किल्ली द्या."

त्या संध्याकाळी हायवेच्या डाव्या, वेगवान गाड्यांसाठीच्या पट्ट्यात तिनं मला पहिल्यांदा मोकळं सोडलं. आपण कशासाठी जन्मलो ते मला त्या दिवशी कळलं. पुढे तिनं मला पावसात नेलं, बर्फात नेलं, मागच्या सीटवर छपरावर बसवायच्या पाटीच्या दगडाचे नमुने कोंबले. "साहेब", म्हणजे तिचा नवरा फोल्कमार, गॅरेजवाला होता. तो माझं इंजिन आईच्या मायेनं सांभाळायचा. पुढे दोघांचं पटेनासं झालं आणि घटस्फोट झाला, पण माझी देखभाल त्याच्याकडेच राहिली. भांडणं मात्र दोघांनी सोडली नाहीत.

आणि एका नोव्हेंबरात रोस्विटा पडली. एका शाळेच्या व्यायामशाळेचं छप्पर, ओली पाटी, निसटलेली शिडी. पाठीचा मणका गेला. कमरेखाली तिला काही जाणवेना.

मी ताडपत्रीखाली गेले. बॅटरी मेली. उंदरांनी बॉनेटखाली संसार थाटला. टायर एकाच जागी बसून चपटे झाले. मला आवाज ऐकू यायचे, पण त्यात तिचा नसायचा.

वसंतात ताडपत्री उघडली तेव्हा समोर तिचा धाकटा भाऊ देटलेफ होता, आणि बरोबर विटेकिंड नावाचे गृहस्थ. हे आमच्या जातीच्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि माझ्या गिअरच्या मुठीवरून हात फिरवला. "एकही वस्तू बदललेली नाही," ते पुटपुटले. "ही माझ्याकडे आली, तर हिला पुन्हा कधी पाऊस लागणार नाही."

खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर टॅक्सी थांबली. रोस्विटा इस्पितळातून ठरलेल्या दिवसाच्या आधीच घरी आली होती, कुणाला न कळवता. व्हीलचेअर ढकलत ती गॅरेजच्या दारात आली.

"देटलेफ, पाहुण्यांना कॉफी दिलीस का? का नुसतीच माझी गाडी देतोयस?"

देटलेफचा चेहरा पडला. "रोसी, अगं तुझ्यासाठीच करतोय. ही विकू, आणि एक छान उंच व्हॅन घेऊ. मागून फळी उघडते, खुर्चीसकट आत. मी चालवीन."

"म्हणजे मला सामानासारखं मागच्या दारानं चढवणार, आणि तू पुढे बसून गाणी ऐकणार."

"तुझे पाय चालत नाहीत गं!" तो रडवेला होऊन ओरडला. "कुणीतरी ते बोलायला नको का?"

तिनं व्हीलचेअर माझ्या दाराशी आणून थांबवली. मग म्हणाली, "बोललास ना? आता झालं. पाहुण्यांना दारापर्यंत सोड. आणि फोल्कमारला फोन लाव."

फोल्कमार आला, पायऱ्यांवर बसला, आणि तिचं म्हणणं ऐकून उठून उभाच राहिला. तिला माझा क्लच काढायचा होता. गिअरबॉक्स काढून त्या जागी आपोआप चालणारा बसवायचा होता. ब्रेक आणि वेग हातानं सांभाळायला स्टिअरिंगशेजारी एक दांडा हवा होता.

"तो गिअरबॉक्स मी काढणार नाही," तो म्हणाला. "त्यापेक्षा माझे दात काढ."

"आहेत का शिल्लक काही?"

"रोसी, असे गिअरबॉक्स आता बनत नाहीत."

"माझ्यासारख्या बायकाही बनत नाहीत. एक तर तू सोडलीसच, आता दुसरीला तरी वाचव."

दुसरी म्हणजे मी. पण मला तसं वाचायचंच नव्हतं! जॅकवर उचलून माझं पोट उघडलं तेव्हा संतापानं माझा जीव नुसता कढत होता. डॅशबोर्डच्या अक्रोडाच्या लाकडाला फोल्कमारनं ड्रिल लावलं, तेव्हा त्यानं स्वतःही डोळे मिटून घेतले. भोकं पडली. उंच कडांचं माझं हातशिलाईचं आसन कापून सपाट केलं, खाली चौकट घालून उंच केलं. मागची सीट गेली. गिअरबॉक्स एका लाकडी खोक्यात जाऊन कोपऱ्यात पडला. मी स्वतःला ओळखेना.

मग पहिल्यांदा रोस्विटा आत बसली. कूपेचं दार लांबलचक असतं, ते मी आजवर ऐट म्हणून मिरवत होते. त्या दिवशी त्याचा उपयोग समजला. खुर्ची अगदी आसनाला भिडली. तिनं दोन्हींच्या मध्ये सरकायची फळी टेकवली, हातांवर अंग तोललं, एक शिवी हासडली आणि आत सरकली. मग खुर्चीची चाकं काढली, सांगाडा छातीवरून ओढून शेजारच्या आसनावर ठेवला. घामानं डबडबलेली ती आरशात पाहून हसली. कुणाचा हात लागला नव्हता.

दांडा ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून शेजाऱ्यांचं कुंपण पाडलं.

"माझ्या पायांना हिची धडधड कळत नाही," एकदा ती फोल्कमारला म्हणाली. "पूर्वी तळव्यातून कळायची. आता निदान कानांना आणि पाठीला तरी कळू दे."

त्यानं सायलेन्सर बदलला. मी पहिल्यांदा खुल्या गळ्यानं बोलले. पुढच्या गल्लीतला कुत्रा पळून गेला. मग तिनं रंग काढायला लावला. चंदेरी खरवडून भट्टीतून नुकत्याच निघालेल्या कौलाचा लाल रंग चढवला. त्या दिवसापासून माझा संताप ओसरला. गॅरेजमधल्या आरशात मी स्वतःला पाहिलं आणि वाटलं, आता मी कुणासारखीच नाही. हे काय वाईट आहे?

तपासणी केंद्रातल्या माणसाला ते वाईट वाटलं. वळताना दांडा तिच्या मांडीला घासतो म्हणून त्यानं मला नापास केलं. ते बरोबरच होतं. पण जाता जाता म्हणाला, "गाडी मूळ रूपात आणा, आणि तुम्हाला शोभेल असं काहीतरी घ्या."

"मला काय शोभतं ते माझी आईसुद्धा ठरवू शकली नाही," रोस्विटा म्हणाली. दांडा कापून, वाकवून, पुन्हा बसवून ती परत आली. या वेळी त्याला शेजारी बसवून तिनं सगळ्या चाचण्या पार केल्या. शेवटचा ब्रेक तिनं इतक्या जोरात मारला की त्याचा चष्मा काचेवर आपटला. शिक्का मिळाला.

जूनमध्ये क्लबचा मेळावा होता, एका जुन्या गढीच्या आवारात. रोस्विटा आणि देटलेफ दोघंही सभासद होते. फाटकावर विटेकिंड उभे होते, त्याच पांढऱ्या हातमोज्यांत. मला पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी घरातलं माणूस गेलंय.

"बाई, प्रदर्शनाच्या ओळीत फक्त मूळ गाड्या असतात. तुमची ही तिकडे लावा, पाहुण्यांच्या गाड्यांत."

"तिकडे गवत आहे. माझ्या खुर्चीची चाकं रुततात."

"मग दोघंतिघं तुम्हाला उचलून आणतील."

तिनं फाटकाच्या अगदी मधोमध माझं इंजिन बंद केलं. दार सताड उघडलं. सांगाडा काढला, एक चाक लावलं, दुसरं लावलं. मागे रांग लागली, भोंगे वाजू लागले. माझ्या पाठीला लागून फोल्कमार आपला जुना टोइंग ट्रक घेऊन उभा होता. त्यानं इंजिन बंद केलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

"काय करताय हे?" विटेकिंड ओरडले.

"भूक लागलीय. सॉसेज खाऊन येते," किल्ली खिशात टाकत रोस्विटा म्हणाली. "तोवर ठरवा. आणि हो, तिला हलवायचं असेल तर दोघंतिघं मिळून उचला."

ती खरोखरच गेली. रांगेतले लोक खाली उतरून अध्यक्षांना चार शब्द ऐकवू लागले. सावकाश परतली तेव्हा तिच्या ओठाला मसाल्याचा लाल रस्सा लागलेला होता.

"ओळीच्या टोकाला लावा," विटेकिंड दात खात म्हणाले.

"मध्ये लावीन. दार पूर्ण उघडायला दोन गाड्यांची जागा लागते."

आणि चकचकीत चंदेरी बहिणींच्या मधोमध, दोन गाड्यांची जागा अडवून, मी दिवसभर उभी राहिले. काहींनी माझ्याकडे पाठ फिरवली. काहींनी डॅशबोर्डची भोकं बोट घालून पाहिली. एक म्हातारी काठी टेकत आली, दांडा पुढे-मागे करून पाहिला आणि फोल्कमारला विचारलं, "माझ्या नवऱ्याच्या गाडीला असं बसवून द्याल का? तो खिडकीशी बसून असतो नुसता." फोल्कमार हो म्हणाला. आता त्याच्या गॅरेजात असल्याच गाड्या जास्त असतात.

क्लबनं मतदान घेऊन रोस्विटाला काढून टाकलं. देटलेफ त्या सभेत उठून बोलला, पण हरला. मग तोही बाहेर पडला.

आज माझ्या दाराच्या उंबऱ्यावर चाकांच्या चरांची जाळी झाली आहे. कौलाचा लाल रंग ठिकठिकाणी उन्हानं फिका पडलाय. चालू कामाच्या समोर रोस्विटा मला उभी करते, काच खाली घेते आणि छपरावरच्या माणसांवर ओरडते, "अरे ए, तिसरी ओळ वाकडी! मला इथून दिसतंय, तुला तिथून दिसत नाही?" केस पांढरे झालेत, आवाज तोच आहे.

परवा एक संग्राहक आला होता. म्हणाला, हिला मी पूर्ववत करीन, भोकं बुजवीन, पुन्हा चंदेरी करीन. रोस्विटानं काच वर केली.

माझंही तेच म्हणणं आहे. मला पूर्ववत करू नका. मी बिघडलेली नाही. आणि कधी हायवेवर तुमच्या मागच्या आरशात एक लाल कूपे वाढत वाढत येताना दिसली, शेजारच्या आसनावर खुर्चीचा सांगाडा दिसला, तर हळहळू नका, हात जोडू नका. डावा पट्टा सोडा. आम्हाला पुढे जायचंय.