फाशीघरातली ठोकाठोक

मिस्त्रींना राजकारणाचा मनस्वी कंटाळा. चहाच्या टपरीवर कोणी निवडणुकीचा विषय काढला, की हे अर्धा कप तसाच ठेवून उठायचे. घरी मात्र सुटका नव्हती, कारण बायकोचा उत्साह दांडगा. ती सभांना जायची, जाहीरनामे वाचायची आणि भाजी निवडता निवडता नवऱ्याला ऐकवायची.

"अहो, ऐकलंत का? हे लोक निवडून आले तर फाशीची शिक्षाच बंद करणार म्हणतात."

"म्हणणारच! निवडणुकीआधी सगळेच चंद्र आणून देतात," मिस्त्री म्हणायचे. "अगं, माझ्या नोकरीत किती सरकारं आली नि गेली. रंधा तोच, करवत तीच, साहेबाची बोंबही तीच. सगळ्यांना एका पोत्यात घाल आणि हलव. जो वर येईल तो सारखाच."

"तुमच्याशी बोलणं म्हणजे ना!" असं म्हणून ती भाजी घेऊन आत जायची.

मिस्त्री तुरुंगात सुतार होते. कैद्यांना हाताशी धरून बाकं, टेबलं, खिडक्यांच्या चौकटी करायच्या, हे रोजचं काम. दुसरं एक काम क्वचित यायचं, आणि त्याबद्दल ते घरी अवाक्षर काढत नसत. फाशीघरातला लाकडी तख्ता त्यांच्या ताब्यात होता. कोणाची तारीख ठरली की फळ्या तपासायच्या, बिजागऱ्यांना तेल द्यायचं आणि खटका ओढून बघायचा. खटका ओढला की फळ्या धाडकन खाली जायच्या. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याची कोठडी भिंतीला लागूनच. म्हणून मिस्त्रींनी आपली एक रीत पाडली होती. जेवणाची घंटा घणघणायला लागली, थाळ्यांचा खणखणाट उठला, की त्या गोंगाटात ते खटका ओढून घ्यायचे. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी कोठडीत लंबू होता. ताडमाड उंच, वयाने अगदीच पोर. धंद्यातल्या भागीदाराशी भांडण झालं, रागाच्या भरात लोखंडी कांब उचलली आणि घातली डोक्यात. माणूस जागीच गेला. खोटं कशाला बोला, त्याच्याच हातून झालं होतं आणि तोही कधी नाही म्हणाला नाही. दयेचा अर्ज केला होता, तो फेटाळला. तेव्हाच्या सरकारचा खाक्याच तसा, असला अर्ज आला की नकार ठरलेला. तारीख पडली ती निवडणुकीनंतरची.

जेलरसाहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी परवानगी दिली म्हणून मिस्त्री दुपारी लंबूच्या गजांपाशी बसायचे आणि त्याला लाकूड घासायला द्यायचे. पोराचा हात चांगला होता. एकदा एक फळी हातात घेऊन मिस्त्री सवयीने बोलून गेले, "ही अजून ओली आहे रे. वर्षभर वाळू दे, मग हिचं आपण झकास स्टूल करू." बोलले आणि त्यांनी जीभ चावली. लाकूडकाम करणाऱ्या माणसाच्या तोंडात वर्षांचे हिशेब असतात, काय करणार! लंबू मात्र हसला. "करा काका. पहिल्यांदा कोण बसलं ते मला वरती कळवा." त्या संध्याकाळी मिस्त्री ताटावरून तसेच उठले. बायकोने विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलंय.

मतदान झालं, निकाल लागला, आणि बायकोचा पक्ष निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. तिने गल्लीभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. मिस्त्री म्हणाले, "आता बघ कसे विसरतात ते." असं म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, कारण लंबूची तारीख तोंडावर आली होती आणि तेलाची बुधली त्यांनी कपाटातून काढून ठेवली होती.

आणि एके सकाळी जेलरसाहेबांनी बोलावून घेतलं.

"मिस्त्री, वरून हुकूम आलाय. फाशी बंद. ज्यांना झालीय त्यांची जन्मठेप. तख्ता आजच्या आज मोडा. दुपारी वर्तमानपत्रवाले फोटोला येणार आहेत, म्हणजे तेवढी घाई हवीच."

मिस्त्री आ वासून बघत राहिले. "म्हणजे खरंच केलं त्यांनी?"

"पहिल्याच बैठकीत केलं. जा, लागा कामाला."

मिस्त्री फाशीघरात आले आणि तख्त्यासमोर नुसतेच उभे राहिले. हीच लाकडं त्यांनी कितीदा पुसली होती. कुठल्या तरी दूरच्या शहरात, कुठल्या तरी खोलीत, कधी न पाहिलेल्या माणसांनी हात वर केले, आणि इथे ही फळी आता नुसती फळी झाली होती. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवा, असंही होतं तर! मग त्यांनी हातोडा उचलला आणि जीव खाऊन घाव घालायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड. खिळे उपटले, पहिली फळी दणकन खाली आदळली. त्यांना इतका आनंद झाला होता की ते चक्क शीळ घालत होते.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की तुरुंगात कुठेच आवाज नाही. अंगणात चिटपाखरू नाही, कारखान्यातली करवत थांबलेली, पहारेकरीसुद्धा गप्प. सगळा तुरुंग कान देऊन ऐकत होता. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लंबूला सांगितलं कोणी? त्यांना वाटलं साहेब सांगतील, साहेबांना वाटलं असणार मिस्त्रींचाच लाडका, तेच सांगतील.

"मेलो!" म्हणत मिस्त्रींनी हातोडा टाकला आणि ते पळत सुटले.

लंबू कोठडीत भिंतीला पाठ लावून ताठ उभा होता. धुतलेला सदरा घातला होता, पांघरुणाची घडी करून ठेवली होती. चेहरा पांढराफटक.

"काका," तो म्हणाला, "आज घंटेची वाट नाही पाहिलीत?"

"तुला... तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. थाळ्या कितीही वाजल्या तरी तो आवाज वेगळा ओळखू येतो."

"अरे गाढवा, मोडतोय मी तो! मोडतोय!" मिस्त्री गज धरून ओरडले. "फाशी बंद झाली. तुलाही नाही, कोणालाच नाही. इथेच म्हातारा होशील, दात पडतील तुझे, जन्मभर माझं डोकं खाशील!"

लंबू घसरत खाली बसला. मग त्याने हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. तिथली शीर उडत होती, ती मिस्त्रींना गजांतूनही दिसत होती. इतकी वर्षं या तुरुंगात काढली, पण माणूस जिवंत असतो म्हणजे काय, हे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी मोडायला सांगितलं?" लंबूने विचारलं.

"नव्या सरकारने."

"आणि जुनंच आलं असतं तर?"

याचं उत्तर मिस्त्रींच्या जिभेवर आयुष्यभर तयार असायचं. आज ते तोंडातून निघेना.

"तुम्ही यांनाच मत दिलंत ना काका?"

"नाही रे," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "मी घरी झोपलो होतो. तुझी काकू गेली होती. भर उन्हात रांगेत उभी राहिली, पाय सुजले तिचे. घरी आली तर मी हसलो तिला."

"काकूंना माहीत आहे माझ्याबद्दल?"

"नाही. घरी मी तुझा विषयच कधी काढला नाही."

लंबू उठला, गजांपाशी आला आणि त्याने मिस्त्रींच्या हातांवर आपले हात ठेवले.

"मग आज घरी गेलात की सांगा त्यांना," तो म्हणाला. "सांगा, की मी आहे."