बिनभोकाची भाजी

मावशीच्या शेताचे आमच्या इमारतीत वीस सभासद आहेत. हंगामाआधी पैसे भरायचे आणि दर शनिवारी शेत देईल ती भाजी मुकाट्याने घ्यायची. शेताने नवलकोल दिला तर नवलकोल. लागोपाठ पाच शनिवार दिला तरी नवलकोल. हे सभासद मीच गोळा केले, कारण मावशीला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

त्या शनिवारी पुढच्या हंगामाची नोंदणी होती. जमीन भाड्याची. निम्मे सभासद गळले तर ती सुटणार आणि मावशी माझ्या खोलीत राहायला येणार, असं घरात ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

तळघरातल्या पार्किंगमध्ये मावशीच्या गाडीतून क्रेट उतरवले आणि वरचं फडकं बाजूला केलं. पालक गुळगुळीत. एका पानाला भोक नाही. टोमॅटो तर शाळेच्या फोटोसाठी भांग पाडून बसवल्यासारखे.

"मावशी, हे आपलं नाहीये."

"हळू बोल की मेल्या. अळीने अख्खं शेत खाल्लं. आज रिकाम्या हाताने कशी येऊ? घाऊक बाजारातून आणलं."

"आणि बाई?"

बाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. भोक दिसल्याशिवाय त्या पालेभाजी पिशवीत टाकत नसत. भोक म्हणजे औषध मारलेलं नाही, हा त्यांचा सिद्धांत.

मी वर पळत जाऊन बाबांचं पंचिंग मशीन आणलं, फायलीतल्या कागदांना भोकं पाडायचं.

"अळी असं खाते?" मावशीने विचारलं.

"शिस्तीची आहे."

जुड्याच्या जुड्या पंच केल्या. मशीनला वाकडं भोक पाडता येत नाही, तिथेच घात झाला.

बाईंनी पान उजेडात धरलं. दोन भोकं. दुसरं पान. दोन भोकं, तेवढ्याच अंतरावर. मागे रांग लागली होती. तिसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर वाकून बघायला लागला.

"दात फार सरळ आहेत हो या अळीचे," तो म्हणाला.

"ही जुडी फाइलला लावू का रे?" बाईंनी मला विचारलं. मी मशीन पाठीमागे लपवलं.

मावशीने मला बाजूला सारलं. "त्याला बोलू नका, बाई. भाजी बाजारातली आहे. माझ्या शेतात आता नुसती अळी उरलीय. रिकामी आले असते तर तुम्ही सगळे गेला असतात."

डॉक्टरने पिशवीची घडी घातली आणि तो लिफ्टमध्ये शिरला. त्याच्यामागे आणखी चौघं. मी मनातल्या मनात माझा पलंग भिंतीला सरकवला.

"काहीच नाही उरलं?" बाई म्हणाल्या.

"मातीखाली गाजरं आहेत. बोटाएवढी. दाखवायचीसुद्धा लाज वाटते."

"अगं, काय ठरलं होतं आपलं? शेत देईल ते. बाजार देईल ते नव्हे. गाडीत किती माणसं मावतील?"

"मागचे रिकामे क्रेट काढले तर सहा-सात."

"काढ मग."

बाई पुढे बसल्या. मागे रांगेतले चौघं आणि मी गुडघे पोटाशी घेऊन कोंबून बसलो.

"बाई, नोंदणीचं?" मी विचारलं.

"माझं नाव लिही. बाकीच्यांना गाजरं बघू दे."

बाकीचे खिडकीबाहेर बघत होते. हो कुणीच म्हणालं नव्हतं. मावशी गाडी चालवत होती आणि प्रत्येक सिग्नलला आरशातून आम्हाला मोजत होती.