गाडीत बसून गाडीची वाट

ऑरिन टोलेफसनचं घर स्टेशनपासून दोन गल्ल्यांवर, तरीही शेजारीण डॉट त्याला मोटारीने घेऊन आली. उणे चौदा तापमानात माणूस चालतही जाऊ शकतो, हे त्या गावात कुणाच्या डोक्यातच येत नसे.

ऑक्टोबरात ऑरिनचा मोटार चालवण्याचा परवाना गेला. नजरेच्या मधोमध राखाडी डाग आला होता, कडेचं तेवढं दिसायचं. त्यासाठी दर महिन्याला मिलवॉकीला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. फिनिक्सला राहणाऱ्या मारेनने, त्याच्या मुलीने, स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, या वेळी एकट्याने जाऊन दाखव. नाही जमलं तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

बावन्न वर्षांनी गावातून प्रवासी गाडी पुन्हा धावणार होती. आजचा पहिलाच दिवस.

स्टेशनाबाहेर अकरा मोटारी उभ्या होत्या. सगळ्यांचे हीटर चालू, काचा धुरकटलेल्या. सात दहाला भोंगा ऐकू आला. ऑरिनने कान टवकारले. चाकांचा ठेका जराही मंदावला नाही. गाडी आली तशी निघून गेली.

"अगं, गेली की!"

"अशी कशी गेली? आपण सगळे इथे आहोत ना!" डॉटने हॉर्न दाबला. मग उरलेल्या दहाही मोटारींनी दाबले.

ऑरिन उतरून फलाटावर गेला. डॉट कुडकुडत मागे आली आणि तिथली पाटी मोठ्याने वाचू लागली, "फलाटावर प्रवासी उभा दिसला तरच गाडी थांबेल. म्हणजे बाहेर उभं राहायचं? या थंडीत?"

"नाहीतर काय, ती तुझ्या काचेवर टकटक करून विचारणार?"

पुढची गाडी आठ पंचवीसची. ती चुकली असती तर दवाखान्याची वेळही चुकली असती.

सव्वाआठला ऑरिन एकेका मोटारीची काच वाजवत निघाला. आत बसलेल्यांपैकी निम्मे शाळेत त्याच्याकडे सुतारकाम शिकलेले.

"सर, अजून दहा मिनिटं आहेत."

"उतर, केल्विन. तुझी दहा मिनिटं मला ठाऊक आहेत. वर्गात अर्ध्या तासाने उगवायचास."

केल्विन उतरला. त्याच्यामागून बाकीचेही पाय आपटत फलाटावर आले. आठ पंचवीसला भोंगा वाजला. ऑरिनने श्वास रोखला. ठेका सैल पडला, ब्रेक किंचाळले, दार त्याच्यासमोरच उघडलं.

"या, या," गार्ड म्हणाला. "आधीच्या गाडीने कळवलं होतं की बाहेर मोटारींची जत्रा आहे आणि फलाटावर चिटपाखरू नाही. आम्हाला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे."

डॉट फलाटावरूनच हात हलवत राहिली. गाडी सुटली आणि ऑरिनचा फोन वाजला.

"बाबा, कुठे आहेस?"

"गाडीत."

"कोण चालवतंय?"

"नाव नाही विचारलं. पुढे इंजिनात बसलाय."

पलीकडे मारेन हसतच सुटली. "बरं बाबा. घराचा दलाल उद्या येणार होता, त्याला येऊ नको म्हणून सांगते."

ऑरिनने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली.