गुलालातला हत्ती

त्या दिवशी सकाळपासून वारं नुसतं पिसाटलं होतं. शिमगा दोन दिवसांवर आलेला, ऊन चटके देऊन राहिलं होतं, आणि भोकरच्या आमच्या गल्लीत धुळीचे भोवरे दारोदार फिरत होते. त्यातलाच एक घरात शिरला आणि त्यानं मला भिंतीवरून खाली आपटलं. काच खळ्ळकन फुटली.

होय बाबांनो, मी फोटो बोलतोय. काळा-पांढरा, जुना. माझ्यात भुजंग उभा आहे, पंचवीस वर्षांचा, डोक्याला फेटा, दोन्ही हात वर. मागं दोन गडी पांढरी चादर ताणून धरून. भुजंगच्या गुडघ्याखाली मात्र काही नाही, चौकटीची पट्टीच लागते.

माझा जन्म माहूरच्या जत्रेतला. भुजंग तेव्हा खेळवाल्यांच्या पार्टीत नाचायचा. आणि नाच असा-तसा नव्हता बरं! जमिनीवर गुलाल पसरायचे, वर चादर अंथरायचे, आणि हा हलगीच्या तालावर त्या चादरीवर नाचायचा. कधी टाच, कधी चवडा, कधी नुसता अंगठा. नाच संपला की चादर उचलायची. खाली गुलालात हत्ती! सोंडेसकट, शेपटीसकट! लोक येडे व्हायचे. नांदेडचा फोटोवाला त्या दिवशी बैलगाडीवर चढला, वरून त्यानं चाप दाबला, आणि मी झालो. हत्ती माझ्या पायथ्याशी होता. माझा जीवच तिथं होता म्हणा ना.

मग भुजंगनं मला जावेदभाईच्या फ्रेमच्या दुकानात नेलं. चौकट आखूड, मी लांब. संध्याकाळी मी तयार झालो, पण हत्तीविना. भुजंगला वाटलं, जावेदभाईनं कात्री चालवली. गरीब स्वभावाचा माणूस. भांडला नाही, विचारलंही नाही. मला काखेत मारून मुकाट घरी आला. फक्त त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. पन्नास वर्षं! मी आतून ओरडायचो, पण फोटोचं कोण ऐकतं?

माणसांची ही खोड मी भिंतीवरून लई पाहिली. विचारायचं ते विचारत नाहीत, आणि मनात धरलेलं सोडत नाहीत.

शेजारी हणमंतराव राहतात, निवृत्त मास्तर. आले की माझ्यासमोर उभे राहायचे.

"काय भुजंग, हे दोघं धुणं वाळत घालून राहिले का रे?"

"हत्ती हाय गुरुजी तिथं. खाली हाय."

"असंल, असंल. एखाद्या दिवशी चारापाणी दाखव त्याला, येईल वर."

भुजंगही हसायचा. पण हसून झाल्यावर त्याचं तोंड कसं व्हायचं, ते मीच पाहिलंय.

यंदा हणमंतरावांनी वाचनालयात जुन्या अजब नाचांच्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. डोक्यावर पेटती समई घेऊन नाचणारी देगलूरची बाई, बांबूच्या पायांवर नाचणारा गडी, असे कितीक फोटो गोळा केले. भुजंगनं मलाही पुढं केलं.

"यात अजब काय आहे?" मास्तर म्हणाले. "माणूस नुसता उभा आहे. भिंतीला जागा कमी आहे, भुजंग."

आपण खरंच तसं नाचलो होतो, हे डोळे मिटायच्या आधी कुणीतरी खरं मानावं. अठ्ठ्याहत्तरीतल्या त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

प्रदर्शनाला एक दिवस उरला, आणि वाऱ्यानं मला पाडलं. गावातल्या बाकी फ्रेमवाल्यांनी केव्हाच मोबाइलची दुकानं टाकलेली. राहिलं होतं ते एकच दुकान. भुजंग पायरीशी बराच वेळ घुटमळला, मग चढला. जावेदभाई आता नाहीत. त्यांचा मुलगा यासेर बसला होता.

"आओ चाचा, बसा. काच गेली का?"

"गेली. बसव नवी. आता कापण्यासारखं काई उरलं न्हाई त्याच्यात."

यासेरचा हात थांबला. "कापलं? कोणी?"

"तुझ्या अब्बानं."

"काईबी काय बोलता चाचा! अब्बा फोटोला कैची लावू देत नव्हते. मला एकदा कानाखाली दिली होती त्याच्यावरून. जास्तीचं मागं दुमडायचे ते."

पकडीनं त्यानं चौकटीचे बारीक खिळे उपटले. पाठीचा पुठ्ठा निघाला. दुमडलेली माझी कड तो फुंकर घालत, नखानं, तसूतसूनं उलगडत गेला. घडीवर चीर पडली, दुखलं, पण दुखण्याकडं बघतो कोण! आधी भुजंगचे पाय आले. मग सोंड. मग अख्खा हत्ती!

"या अल्ला! चाचा, हे तुम्ही पायानं काढलं?"

भुजंगनं जावेदभाईच्या रिकाम्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला. "एकदा विचारायला पाहिजे होतं रे मी," एवढंच म्हणाला.

नव्या चौकटीसाठीही तो थांबला नाही. दोन पुठ्ठ्यांत मला धरलं आणि त्या वाऱ्यात निघाला. चालतोय कसला, पळत होता म्हातारा!

आता मी वाचनालयाच्या टेबलावर पडलोय, बिनकाचेचा, फाटका, पण पुरा. तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात जुना फोटो असला तर एकदा त्याची पाठ उघडून बघा.

हणमंतराव चष्मा पुसून पुसून माझ्यावर वाकलेत. बोट सोंडेपासून शेपटीपर्यंत नेलं, परत आणलं. भिंतीच्या मधोमध समईवाली बाई होती, तिला त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला सरकवलं. मग वळले, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला 'राव' लावून म्हणाले,

"भुजंगराव, गुडघे चालतात का हो अजून?"